एकशे सत्ताविसाची बाकी

नातीने मंगळवारी जेवताना सांगितलं, शनिवारी तिच्या कॉलेजात गणिताचा कार्यक्रम आहे आणि त्यात ती माझ्यावर बोलणार आहे. मी तोंडातला घास तसाच फिरवत राहिले. म्हातारपणाचा हा एक फायदा आहे. तोंडात घास असला की उत्तराची घाई कोणी करत नाही. दात किती उरलेत ते घरात सगळ्यांना माहीत असतं.

तिला माझी वही हवी होती. दोनशे पानी वही, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, पाठीला जुन्या लुगड्याचा काठ शिवलेला. पत्र्याच्या पेटीत डांबराच्या गोळ्यांच्या वासात ती पन्नासेक वर्षं पडून आहे. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत १२३४५६७ आणि त्याखाली, दोनदा गिरवून, ‘ही मूळ संख्या आहे.’ मूळ संख्या म्हणजे जिला एक आणि ती स्वतः सोडून दुसरं कोणीच पूर्ण भागू शकत नाही, काही ना काही बाकी उरतेच. पुढच्या पानांवर एकशे शहाऐंशी भागाकार आहेत आणि अगदी शेवटी सगळ्या बाक्यांची यादी. यादीत शून्य कुठेच नाही. म्हणून मूळ.

हे खोटं आहे. एकशे पंच्याऐंशी बाक्या खऱ्या आहेत आणि एक खोटी आहे. ती खोटी आहे हे मी ती लिहिली तेव्हापासून मला माहीत आहे.

घरात हे कोणी तपासलं नाही. नातीच्या हातात दिवसभर मोबाईल असतो, त्यात आकडा टाकला असता तर एका क्षणात कळलं असतं. पण घरच्या देवाची उंची कोणी पट्टीने मोजत नाही. मुलगा पाहुण्यांना चहा देताना सांगतो, आमच्या आईने आठवी शिकून सात अंकी मूळ संख्या शोधली. लग्नकार्यात माझी ओळख तशीच करून देतात. मी मान हलवते. मान हलवून हलवून आता तिचीच चकती सरकली आहे.

आणि नात. बारावीनंतर तिचा बाप म्हणत होता, नर्सिंगला जा, लवकर हाताला काम मिळतं. ती म्हणाली, गणित घेईन, आजीने चुलीपुढे बसून केलं तर मी तुमसरच्या कॉलेजला जाता-येता बसमध्ये बसून करू शकते. बापाचं तोंड बंद झालं. म्हणजे या पोरीचं शिक्षण माझ्या वहीवर उभं आहे, आणि शनिवारी ती ती वही घेऊन शंभर पोरापोरींसमोर उभी राहणार होती. त्यांतल्या एकाने जरी बसल्या जागी मोबाईलवर बोट फिरवलं असतं, तर ती तिथेच उघडी पडली असती. माझ्यामुळे.

मंगळवारी मी घास गिळला आणि म्हणाले, वही शोधावी लागेल. वही कुठे आहे ते मला झोपेतही माहीत असतं.

आता जिने हे केलं तिच्याबद्दल. तिला मी ‘ती’च म्हणते. त्या पोरीशी माझं नातं फार लांबचं झालं आहे, सुतकसुद्धा लागू नये इतकं.

अठरा वर्षांची होती, सिहोऱ्याकडच्या या गावात सून म्हणून आली. माहेरी गणितात पहिली यायची आणि ते कोणी न विचारता सांगायची. सासरी आल्यावर आठ दिवसांत तिने सासूला समजावून सांगितलं की तीन माणसांत सात भाकरी कशा वाटाव्यात. सासूने सगळं ऐकून घेतलं, दोन-दोन वाटल्या आणि सातवी कुत्र्याला घातली. एवढ्यावर शहाणपण यायला हवं होतं. आलं नाही.

गावच्या शाळेचे गुरुजी संध्याकाळी ओसरीवर सासऱ्यांशी बोलत बसायचे. सासरे म्हणजे आमचे मामाजी. माणूस साधा, पण फुशारकीला कच्चा. त्यांनी एकदा गुरुजींना सांगितलं की आमच्या सुनेला कोणतंही गणित येतं. आत चुलीपाशी ती ऐकत होती. छाती फुगवून ऐकत होती, आणि तेवढ्यात तिचं वरण उतू गेलं.

गुरुजींनी हसून एक आकडा दिला. म्हणाले, एकापासून अंक ओळीने लिहीत जा. बारा, सम. एकशे तेवीस, तिनाने जातो. एक हजार दोनशे चौतीस, सम. पुढच्याच्या शेवटी पाच, तो पाचाने जातो. त्यापुढचा पुन्हा सम. सगळे सहज फुटतात. सातापर्यंत आलं की मात्र थबकायला होतं. बारा लाख चौतीस हजार पाचशे सदुसष्ट. सम नाही, शेवटी पाच नाही, अंकांची बेरीज अठ्ठावीस म्हणून तिनानेही जात नाही. हा फुटतो का, बघा सूनबाई.

तिने लगेच अठ्ठाविसावर बोट ठेवलं. अठ्ठाविसाला पूर्ण भागणारे त्याच्याहून लहान आकडे एक, दोन, चार, सात, चौदा. त्यांची बेरीज पुन्हा अठ्ठावीस. अशा संख्येला परिपूर्ण म्हणतात हे तिला शाळेत कळलं होतं. त्यावरून तिने ठरवलं की ज्याच्या अंकांची बेरीज परिपूर्ण तो आकडा थोर असणार, फुटणार नाही. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण तिला वाटलं, आणि तिला वाटलं म्हणजे झालं.

कुठवर भागून पाहायचं, हे मात्र तिने बरोबर काढलं, त्याचं श्रेय देते. अकराशे अकराला अकराशे अकराने गुणलं की येतात बारा लाख चौतीस हजार तीनशे एकवीस. १२३४३२१. चढून जावं आणि त्याच पायऱ्यांनी उतरावं असा आकडा. अकराशे बाराने गुणलं की आपला आकडा ओलांडला जातो. म्हणजे अकराशे अकरापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं आणि एकानेही गेला नाही, तर पुढे बघायचं काम नाही. त्या मूळ संख्या तिने जुन्या कॅलेंडरच्या मागच्या बाजूला आकडे लिहून, दोनाचे, तिनाचे, पाचाचे पाढे खोडत काढल्या. एकशे शहाऐंशी निघाल्या. तो चढता-उतरता आकडा तिने घरात सगळ्यांना दाखवला. कोणी पाहत नाही म्हटल्यावर गोठ्यात जाऊन बैलालाही दाखवला. बैलाने निदान मान हलवली.

मामाजींची अब्रू आता त्या आकड्यात अडकली होती. त्यांनी सासूला सांगितलं, आकडा संपेपर्यंत सुनेला दुपारच्या जेवणानंतर थोडं बसू द्या.

हे ‘थोडं बसू द्या’ काय होतं, ते आज सांगून कळणार नाही. पहाटे शेण, मग पाणी, मग कांडण, मग चूल, मग गावच्या बोडीवर, म्हणजे लहान तळ्यावर, धुणं, मग शेत. त्या दिवसांत कमरेखालचं शरीर तिला संध्याकाळी परक्याचं वाटायचं. नव्या सुनेने दिवसा बसणं म्हणजे आजारी असणं, आणि आजारी असणं म्हणजे माहेरची बदनामी. आणि इथे घरचा कर्ता माणूस सांगत होता, बस.

सासूने ऐकलं आणि लाकडांकडे पाहून म्हणाली, “आकडा फोडून रायली आमची सून. मंग लाकडं कोन फोडन?”

तरी तिने बसू दिलं.

माझी खरी हुशारी इथे सुरू होते, आणि तिचा गणिताशी संबंध नाही. सुरुवातीचे भागाकार चुटकीसरशी होतात. दोन, तीन, पाच यांना तर कागदही लागत नाही. मन लावलं असतं तर एका दुपारी दहा झाले असते, तीन आठवड्यांत सगळं आटोपलं असतं. त्या पोरीने सासूला गंभीर तोंडाने सांगितलं की असे भागाकार रोज एकच करायचे असतात, एका दिवसात दोन केले तर हिशेबात गडबड होते. सासूने व्रतवैकल्यं पुष्कळ केलेली. रोज एक, ही गोष्ट तिला पटली. उपासाचंही तसंच असतं.

मग रोज दुपारी ती भिंतीला पाठ लावून बसायची. पाच मिनिटं भागाकार, आणि पुढचा अर्धा तास डोळे उघडे ठेवून झोप. हातात पेन्सिल असली की माणूस विचार करतो आहे असं दिसतं. सासू सूप घेऊन शेजारी यायची, तांदूळ निवडायची. निवडून झालेलेच तांदूळ पुन्हा निवडते आहे हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस गेले. उठायच्या वेळी सासू विचारायची, “काय वं, उरला का आज?” बाकी उरली म्हणजे आकडा फुटला नाही, म्हणजे उद्या परत बसायचं. सून म्हणायची, “उरला जी, आत्याबाई.” साताने पाच उरले, अकराने चार, तेराने नऊ. दिवस चालले होते.

धानाची कापणी झाली, भारे खळ्यावर आले, त्यांचं पुंजणं, म्हणजे उंच गंजी, रचलं गेलं. मग चुरणं सुरू झालं. बैल फिरवून धान मोकळं करायचं, उधळून साफ करायचं आणि मधोमध रास लावायची. रास खळ्यावर असताना आमच्या घरात बोलण्याचे नियम बदलायचे. पहिलं माप ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणायचं. मोजता मोजता धान खालीपर्यंत आलं तरी ‘संपलं’ म्हणायचं नाही, ‘वाढलं’ म्हणायचं. खळं झाडून कोरं करायचं नाही. शेवटचं माप काठोकाठ भरून जमिनीवर काहीच राहिलं नाही, तर मापातली ओंजळभर परत जमिनीवर टाकायची आणि मोजणाऱ्याने मोठ्याने सांगायचं, बाकी एक. नाहीतर पुढच्या वर्षी रास यायची नाही.

त्या दुपारी ती खळ्यावर राखणीला होती. आंबागडाच्या डोंगराकडून गार वारं येत होतं, पुंजण्याच्या आडोशाला ऊन होतं. आदल्या दिवशी एकशे तेराने भागून बेचाळीस उरले होते. आज एकतिसावा दिवस आणि भाजक एकशे सत्तावीस.

एक हजार दोनशे चौतिसात नऊ वेळा, उरले एक्क्याण्णव. पाच खाली घेतले, नऊशे पंधरा. सात वेळा, उरले सव्वीस. सहा खाली, दोनशे सहासष्ट. दोन वेळा, उरले बारा. मग शेवटचा सात खाली घेतला आणि कागदावर एकशे सत्तावीस उभे राहिले. बाजूला भाजक एकशे सत्तावीस, खाली एकशे सत्तावीस. चेहऱ्यासमोर आरसा धरल्यासारखे.

पुढे काहीच करायचं नव्हतं. वर एक लिहायचा, खाली शून्य. आकडा फुटला होता.

आनंद व्हायला हवा होता. गुरुजींनी ‘फुटतो का’ असं विचारलं होतं. ‘फुटतो’ हेही उत्तरच होतं, आणि ते तिने स्वतः काढलं होतं. पण तिला आधी आठवलं ते हे, की उद्या बसायला मिळणार नाही.

तेवढ्यात सासू पाण्याचा गडू घेऊन आली. तिला अक्षर वाचता येत नव्हतं, पण शून्य ओळखायची, गोल म्हणून. पेन्सिल कागदावर टेकलेली पाहून ती म्हणाली, “रास समोर हाय. तिच्यापुढं सुन्न नोको मांडू, बाई.” मग रोजच्यासारखं विचारलं, “उरला का?”

“उरला जी.”

“किती?”

“एक.”

“मंग ठीक हाय,” सासू म्हणाली आणि शेजारी बसली.

एकशे सत्ताविसातून काहीही वजा न करता तिने खाली लिहिलं, बाकी १. मनाची समजूत घातली की ही खळ्यावरची रीत आहे, रास घरी गेली की शून्य करू. आठ दिवसांनी रास घरी गेली. तिने खोडलं नाही. तोवर ती एकशे सदुसष्टापर्यंत पोचली होती.

राहिलेले एकशे पंचावन्न भागाकार तिने प्रामाणिकपणे केले. ही त्यातली सगळ्यात मूर्खपणाची गोष्ट. खोटंच बोलायचं होतं तर नुसत्या बाक्या मनाने लिहायच्या. पण नाही, बाई एकेक भागाकार दोनदा तपासायची. दुसऱ्याच दिवशी एकशे एकतिसाने तेवीस उरले. मोहफुलं वेचायचे दिवस आले आणि गेले, उन्हाळा तापला, अंगणात बसवेना तर ढोलीच्या सावलीत, धानाच्या त्या मोठ्या कणगीला टेकून बसली. विटाळाच्या, सुतकाच्या, सणाच्या खाड्यांसकट शेवटचा भाजक अकराशे नऊ रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, तोंडावर आला. बाकी दोनशे पन्नास. मामाजींनी गूळ वाटला.

गुरुजींची बदली झाली होती. जाण्याआधी ते वही पाहायला आले. ती दाराआड उभी होती, पायाला चिखल तसाच. ते एकेक पान उलटत गेले आणि एका पानावर थांबले. पान ओळखायला तिला जवळ जायची गरज नव्हती. गुरुजींनी मान वर करून दाराकडे पाहिलं. मग वही मिटली आणि मामाजींना म्हणाले, “मेहनत फार मोठी आहे.” बरोबर आहे असं म्हणाले नाहीत. मामाजींना फरक कळला नाही. पहिलं पान त्यांच्याच सांगण्यावरून लिहिलं. दोनदा गिरवलं, कारण पहिल्यांदा अक्षर फिकंच उमटलं.

तर असं. नंतर मुलं झाली, मामाजी गेले, सासू गेली, नवरा गेला, आणि तो आकडा माझ्यासकट या घरात म्हातारा झाला. खोटं बोलण्याचा त्रास पहिली दहा वर्षं होतो. पुढे नुसता कंटाळा येतो.

गुरुवारी दुपारी नात कॉलेजातून लवकर आली. अंगणात ताडपत्रीवर धान वाळत पडलं होतं. आता यंत्र येतं, तासाभरात शेत कापून, धान काढून देतं. खळं राहिलं नाही, पण धान अजून ओलंच येतं आणि ते राखायला म्हातारी अजून लागते. मी काठी घेऊन कोंबड्या हाकलत खाटेवर बसले होते. वही मांडीवर होती. तिला म्हटलं, कागद घे आणि माझ्या आकड्याला एकशे सत्ताविसाने भाग.

ती म्हणाली, ते तर तू केलं आहेस. मी म्हटलं, पोरी, कर.

ती माझ्यापेक्षा भरभर करते. नऊ, सात, दोन. शेवटचा सात खाली घेतला आणि तिची पेन्सिल थांबली. तिने वही ओढून घेतली, ते पान काढलं. एकशे सत्तावीस आणि खाली बाकी १. तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. मग मोबाईल काढून आकडा टाकला. एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस. दोन्ही मूळ.

“आजी, तुले कधी कळलं हे?”

“त्याच दिवशी.”

ती उठली आणि अंगणात फिरायला लागली, धानातून पाय टाकत. मी रागावले नाही. म्हणाली, मी बाबांशी याच्यावर भांडले. सरांना विषय देऊन बसले, कार्यक्रमाच्या पाटीवर माझं नाव लिहून झालं. “मले आधी काहून नाही सांगितलं? मी शनिवारी तोंड घेऊन कुठं जाऊ?”

मी काठी खाली ठेवली. खळ्याची रीत सांगितली, रास, लाभ, बाकी एक, सासूचा गडू. ती ऐकत होती, पण चेहरा मऊ झाला नाही. शेवटी मी म्हटलं, बाकीचे तपास. तिने एकेक काढून पाहिले. साताचा पाच. एकशे तेराचा बेचाळीस. अकराशे नऊचा दोनशे पन्नास. संध्याकाळपर्यंत ती मोबाईल आणि वही घेऊन बसली होती. सगळे तपासले. अंधार पडायच्या आधी म्हणाली, एकशे पंच्याऐंशी बरोबर आहेत. आणि वही घेऊन आत गेली. रात्री ताट घेऊन वेगळी जेवायला बसली. शुक्रवारी सकाळी एवढंच विचारलं, “सांगू का मी, जसं झालं तसं?”

पन्नास वर्षांची ओळख जाणार होती. मुलगा कोणाला चहा देताना काय सांगेल, हेही मनात आलं. पण आता आणखी लपवायचा दम उरला नव्हता. म्हटलं, सांग.

शनिवारी ती गेली आणि मी दिवसभर कोंबड्यांवर चिडले. संध्याकाळी बसमधून उतरून आली ती थेट खाटेवर बसली. पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. म्हणाली, फळ्यावर भागाकार केला आणि शेवटची ओळ रिकामी ठेवून मुलांना विचारलं, इथे काय लिहाल? सगळ्यांनी शून्य सांगितलं. मग तिने वहीतलं पान दाखवलं. पोरं हसली. नंतर तिने रास सांगितली, तेव्हा मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, आमच्या घरीही शेवटचं माप असंच परत टाकतात. हसणं थांबलं. तिने आणखीही सांगितलं म्हणे. हाच आकडा उलटा लिहिला, ७६५४३२१, तर तो एकोणिसानेच फुटतो. एकोणीस ही आठवी मूळ संख्या. म्हणजे गुरुजींनी उलटा आकडा दिला असता तर माझं बसणं आठ दिवसांत संपलं असतं. आणि एकशे सत्तावीस म्हणजे सात वेळा दोन घेऊन गुणाकार केला आणि त्यातून एक काढला. तो काढलेला एक, ती म्हणाली, आजीने परत टाकला. यावर सर हसले, पण ते चांगलं हसणं होतं.

“पन सरांनी एक विचारलं, त्याचं उत्तर मले नाही आलं,” ती म्हणाली. “एकतिसाव्या दिवशी कळलं होतं, तर पुढचे एकशे पंचावन्न कायले केले?”

खळ्याची रीत मी सांगून टाकली होती. ती रीत आठ दिवसांची. उरलेल्या पाच महिन्यांचं काय, ते कोणी विचारलं नव्हतं.

मी तिला सांगितलं की मी थकलेली होते. बस, एवढंच होतं. गणिताची हौस तीस दिवसांत फिटली होती, बसण्याची फिटत नव्हती. रोज खोटी बाकी सांगायला नको म्हणून खरे भागाकार करायचे, म्हणजे ‘उरला’ म्हणताना तोंड तरी खरं राहायचं. आणि सासूचं सांगितलं. अकराशे नऊचा भागाकार झाला त्या दिवशी तिने विचारलं, उरला का? मी म्हटलं, उरला, पण आता भाजकच नाही राहिले, आत्याबाई. ती सुपातले तांदूळ बोटाने इकडचे तिकडे करत राहिली. मग म्हणाली, “दुसरा आकडा नाई का वं एखादा?”

त्या बाईलाही त्या सहा महिन्यांआधी दुपारचं बसायला कोणी सांगितलं नव्हतं.

मी गुरुजींना पत्र लिहून दुसरा आकडा मागायला हवा होता. पण माझ्या डोक्यात तेव्हा मूळ संख्येची हवा शिरली होती. आता मी शोध लावलेली बाई होते, मला आणखी एका आकड्याची काय गरज. दुसऱ्या दिवसापासून रोवणीला लागलो. दोघीही.

नात वाकली. चपला काढल्या, वही उघडली, ते पान काढलं आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली. माझी आता सहीही वाकडी येते. मी म्हटलं, तूच लिही, एक खोड आणि शून्य कर.

तिने खोडरबर घेतलं. पान पातळ झालेलं, जपून एक पुसला. शून्य लिहायला पेन्सिल टेकवली आणि थांबली. तिची नजर अंगणातल्या ताडपत्रीकडे गेली. धान अजून पोत्यात भरलं नव्हतं, उद्या सकाळी मोजणार होते.

“उद्या मोजून झालं की लिहू का, आजी?” विज्ञानाच्या दुसऱ्या वर्षातली पोरगी मला विचारत होती.

मी हसले नाही. हसले असते तर तिने लिहून टाकलं असतं. म्हटलं, लिहू उद्या. मग ती खाटेवर माझ्या शेजारी मागे टेकून बसली, आणि ऊन जाईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून राहिलो.